कानात सांगणाऱ्या नर्सबाई

देवासच्या आमच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी एक नर्सबाई येत. दवाखान्यातली ड्यूटी आटोपून, फुकट, सभामंडपाच्या कोपऱ्यात बसून लोकांची शुगर तपासत. नाव मी कधी विचारलं नाही. आकडा मात्र त्या हाताचा आडोसा धरून ज्याच्या त्याच्या कानातच सांगत.

एकदा माझे व्याही आकडा ऐकून उठले, तसं मी विचारलं, "यांची किती निघाली?"

"नाही सांगता येत, काका."

"अहो, देवळात कसलं गुपित? आम्ही घरचेच."

"देवळात बसले तरी नर्सच आहे ना मी. बोलले, तर कोर्टात मला नेतील, दत्ताला नाही."

व्याही आमच्या माळवी थाटात म्हणाले, "बसा भिया, अब तुमची बारी."

मी बसलो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण सुईला घाबरणारा नाही. फक्त घरी कळायला नको होतं. सूनबाईनं चहातली साखरच बंद केली असती.

बाई कानात काही बोलल्या. आरतीच्या घंटेत ते कळलं नाही, आणि मला कमी ऐकू येतं हे मी मानत नाही. मी ओरडून विचारलं, "किती? तीनशे?"

नेमकी तेव्हाच घंटा थांबली.

सूनबाई पेढ्यांचं ताट घेऊन समोरच उभी. तिनं बाईंना विचारलं, "खरंच तीनशे?"

"ते मला नाही सांगता येणार, ताई."

सगळ्या देवळाला कळलं होतं, तरी बाई 'हो' म्हणाल्या नाहीत. ताट माझ्यापुढून सरकलं. व्याह्यांनी दोन पेढे उचलले.

त्यांची किती, ते मला अजून माहीत नाही.