छापील पाखरू

चौथीतून माझं नाव काढलं आणि दोन वर्षांनी मला रहिमतपूरहून सांगलीला दिलं. आज हे अंतर कुणी लांब म्हणणार नाही. तेव्हा मुराळी न्यायला आला तरच माहेर दिसायचं.

मालक घड्याळांच्या दुकानात कामाला होते. तिथं ग्रामोफोनच्या तबकड्याही विकत. तबकड्यांच्या कंपनीचं मासिक गिऱ्हाइकांना फुकट वाटायला येई. पावडर लावलेल्या गायिकांचे फोटो आणि खाली गाण्याचे शब्द. लढाईत कागद मिळेना, अंक बारीक होत गेला, तरी उरलेला एखादा मालक माझ्यासाठी आणत. ते उपकार मी अजून मानते, नाहीतर अक्षरं विसरलेच असते.

घरात मशीन नव्हतं. शब्द होते, चाल नव्हती. मग आई जोंधळे पाखडताना गुणगुणायची, ती चाल मी लावली.

नदीकाठच्या पाखराचं एक गाणं सासूबाईंना आवडलं. एरवी भाकरी जाड झाली तरी दिवसभर ऐकवायच्या, पण दुपारी हळूच म्हणायच्या, पाखरू म्हण. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

थोरल्याच्या बारशाला दुकानदारांनी मशीन वापरायला दिलं. मालकांनी हौसेनं पाखराचीच तबकडी आणली. बाई गाऊ लागली, तरी हे तेच गाणं हे मला आधी कळलंच नाही.

नणंद म्हणाली, "वैनी, ह्ये तर येगळंच हाय की. मग तुमी इतकं दिस कुणाचं गात हुता?"

आईचं, असं ओठांवर आलं होतं. बायका हसल्या. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्याही हसत होत्या.

पुढं मी तबकडीसारखं म्हणायला शिकले. पुन्हा कुणी हसू नये म्हणून एकेक जागा घोटली. कंपनीनं शब्द फुकट वाटले ते चाल विकत घ्यायला लावण्यासाठी, हे फार उशिरा ध्यानात आलं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा एका दुपारी म्हणाल्या, पाखरू म्हण. मी सुरू केलं. त्यांनी हात हलवला.

"मशिनीचं नगं, पोरी. तुजं म्हण."

मी पुन्हा सुरू केलं. तबकडीचीच चाल आली. शब्द सोडून नुसती गुणगुणून पाहिली, तरी तीच. आई तोवर गेली होती, विचारणार कुणाला?

सासूबाई वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पाणी दे."