फितीवर आमचं नाव नव्हतं

"सदरा काढ. डफडं गळ्यात घाल. आणि त्या खांबाजवळ उभा राहा."

वकीलसाहेब मला म्हणाले. अमरावतीला, त्यांच्या संग्रहालयात, ऐन कार्यक्रमाच्या सकाळी. डफडं काचेच्या कपाटातून काढलेलं. नंबराची चिठ्ठी तशीच लटकलेली. माझ्या शेजारी ओटिएनो. केनियाचा. अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शिकायला आलेला. टाय लावून, बूट चमकवून उभा होता. त्याच्या हातात नाटकवाल्यांकडून आणलेला भाला दिला. कमरेला गुंडाळायला ठिपक्यांचं कापड.

वाटलं, साहेब थट्टा करून राहिले.

मी अकोल्याला रेडिओ दुरुस्त करायचो. ओटिएनो दुकानात येऊन बसायचा. त्याला आवाजाचं वेड. टेपरेकॉर्डरची फीत ब्लेडनं कापायची, उलटी जोडायची, हळू फिरवायची. कापसाच्या जीनचा भोंगा हळू फिरवला की जनावर हंबरल्यासारखा वाटायचा. मलाही नाद लागला. साहेबांचं जर्मन मशीन दुरुस्तीला आलं तेव्हा आमचा हा उद्योग त्यांनी ऐकला. डोळे मिटून ऐकला. मग म्हणाले, "तुम्ही दोघं दोन महिने माझ्या संग्रहालयात येऊन राहा. यंत्र माझं, संगीत तुमचं. संग्रहालयात मेलेल्याच वस्तू असाव्यात, असं कुणी सांगितलं?"

तुम्ही म्हणाले. दुकानाचा मालक मला अबे म्हणायचा. एवढा मोठा माणूस मला अहो म्हणतो. मी विरघळलो.

दोन महिने त्यांच्या टेबलावर जेवलो. त्यांच्याच ताटांत. सकाळी जीनमधल्या रेच्यांचा, सरकी काढणाऱ्या यंत्रांचा, खडखडाट टिपायचा, दुपारी तुकडे जोडायचे. मशीन घेऊन अकोटजवळच्या माझ्या गावी गेलो. माय जात्यावर बसली. लाजली.

"माह्या आवाजात काय हाये रे?"

"गाय तू माय," मी म्हणालो.

तिनं गायलं. तो आवाज आम्ही रेच्यांच्या मधोमध बसवला. पूर्ण ऐकल्यावर साहेबांनी डोळे पुसले. खरंच पुसले. म्हणून तर जास्त लागलं.

"साहेब, मी डफडं वाजवत नाई," मी त्या सकाळी म्हणालो. "छप्पन साली धम्म घेतला अन् माह्या बापानं डफडं फोडून चुलीत घातलं. पाटलाच्या लग्नात वाजवायचं अन् उकिरड्यापाशी बसून जेवायचं, ते आमी सोडलं."

"अरे, वाजवायचं कुठं आहे? नुसतं उभं राहायचं. मुंबईचे पाहुणे येतायत. हे संगीत आलं कुठून, ते त्यांना दिसायला नको?"

अरे. दोन महिन्यांचं अहो एका सकाळीत संपलं.

टेबलावर छापील पत्रिका होती. उचलली. 'रचना'च्या पुढं साहेबांचं नाव. खाली बारीक अक्षरांत : 'साहाय्य – एक आफ्रिकन विद्यार्थी व एक महार वाजंत्री.'

एक. आणि एक.

"क्या लिखा है?" ओटिएनोनं विचारलं. मी हिंदीत सांगितलं. त्यानं भाला हळूच भिंतीला टेकवला. म्हणाला, "मेरा नाम लिखना इनको आता है. मैंने खुद सिखाया था."

मी मशीनकडं गेलो. फीत काढायला हात घातला. साहेबांनी हात धरला.

"फीत माझी आहे."

"आवाज माह्या मायचा हाये."

"तुझ्या आईला इथं कोण ओळखतं?"

गड्यानं आम्हाला बाहेर काढलं. आम्ही गेलो नाही. फाटकासमोर, रस्त्यावर उभे राहिलो. मोटारी आल्या, पाहुणे आत गेले. खिडक्या उघड्या होत्या. रेचे सुरू झाले. मग माय गाऊ लागली. आत, गाद्यांवर बसलेल्यांसमोर. आणि तिचा पोरगा धुळीत. टाळ्या पडल्या.

मी ओरडलो. "हे सखूबाई गाऊन राहिली! माही माय हाये ते! अन् हे ओटिएनोनं अन् मी बनवलं!"

दोन-चार माना वळल्या. मग कुणीतरी खिडकी लावून घेतली.

ओटिएनो शिक्षण संपवून परत गेला. काही पत्रं आली, मग बंद झाली. मी स्वतःचं दुकान टाकलं. चार वर्षांनी साहेबांचा कारकून पत्र्याचा डबा घेऊन आला. फितीचे सांधे सुटले होते. सगळी तुकडे-तुकडे.

"कोणता तुकडा कुठला, कोणालेच समजत नाई," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, तुमीच जोडू शकता."

डबा उघडून पाहिला. ब्लेडची प्रत्येक खूण ओळखीची. माय त्याच उन्हाळ्यात वारली होती. तिचा आवाज जगात तेवढ्याच डब्यात होता. जोडायला दोन तुकडे उचललेही, मग परत ठेवले. खोटं कशाला बोलू.

मी झाकण लावलं.

"पयले पाटी लिहून आना. तीन नावं. ओटिएनोचं, माह्या मायचं, माह्यं. खाली साहेबांची सही. अन् ते पाटी संग्रहालयाच्या दारावर."

"अन् नाई लिहिली तं?"

"तं डबा घेऊन जा."

तो घेऊन गेला. पाटी आजवर आली नाही. फीत सडत असेल. सडू दे. मायचा आवाज मला पुन्हा ऐकायला नाही मिळाला तरी चालेल. पण माझ्या हातानं जोडलेला तो आवाज दुसऱ्याच्या नावानं पुन्हा वाजणार नाही.