दाद बंद ठेवलेली मैफल

वत्सलाताई समेवर आल्या आणि समोरून काहीच आलं नाही. एक ‘वा’ नाही, की मांडीवर थाप नाही. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा फिरून फिरून तिथे नेमका पोचला की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपसूक काहीतरी निघतंच. इथे देवळाचा सभामंडप भरलेला, अंगणातही माणसं, आणि माझ्या हेडफोनमध्ये नुसता तानपुरा.

मी साउंड इंजिनियर. राहते वलवणला. लग्नं, भाषणं, रिसॉर्टमधल्या पार्ट्या, सगळं करते. पण शास्त्रीय गाण्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग असलं की आदल्या दिवसापासून मला जेवणसुद्धा सुचत नाही, इतकी मजा येते.

ही सकाळची मैफल तिकोणा पेठ या गावात होती. ठेवली होती तळेगावच्या एका संगीत मंडळाने. मंडळाचे सर्वेसर्वा जोशीसर, निवृत्त प्राध्यापक. हॉलमधले खोकले, वेफर्सच्या पिशव्या आणि रिंगटोन यांना ते इतके विटले होते, की गाणं उचलून थेट किल्ल्याच्या पायथ्याशी घेऊन आले. त्यांना अल्बम काढायचा होता, तोही अगदी स्वच्छ. म्हणून वत्सलाताई येऊन बसायच्या आधीच त्यांनी माइक हातात घेतला.

“मंडळी, रेकॉर्डिंग आहे. मोबाइल बंद. मान डोलवा, पण तोंडातून अवाक्षर नको. वा नाही, टाळी नाही, काही नाही.”

तळेगावचे श्रोते अशा सूचना ऐकतात आणि सोडून देतात. गावाने ती मनावर घेतली. देवळाच्या घंटेला फडकं बांधलं गेलं. शेजारच्या मळ्यातली मोटर बंद झाली. बायकांनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर पदर गुंडाळला. एका मावशींना खोकल्याची उबळ आली, तर त्या पार बांधापलीकडे जाऊन खोकून आल्या! आणि शेजारी बघून तळेगावकरही गप्प. सर खुशीत होते. खरं सांगायचं तर मीही होते. एवढी शांतता मला स्टुडिओतसुद्धा मिळत नाही.

पण ताईंची गोष्ट वेगळी होती. घशाच्या ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच लोकांसमोर गात होत्या. सकाळी मी त्यांचा मॉनिटर लावत होते. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, त्याला स्वतःचा आवाज कळावा म्हणून. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “आज जमलं तर ठीक. नाहीतर ही शेवटची बैठक. घरी तसं सांगूनच आलेय.”

आणि जमत होतं हो! तोडी राग असा लागला होता की माझ्या अंगावर काटा आला. पण हे त्यांना सांगणार कोण? एकेक आवर्तन फिरून येत होतं आणि समोर सगळे गप्प. ताई आखडायला लागल्या. वरच्या ‘सा’पर्यंत जायच्या आणि आयत्या वेळी मागे फिरायच्या. मग त्या हार्मोनियमवाल्याकडे झुकल्या. मी झटकन त्यांचा माइक बाहेरच्या स्पीकरमधून बंद केला. माझ्या हेडफोनमध्ये मात्र तो चालूच होता.

“लोकांना आवडत नाहीये,” त्या कुजबुजल्या. “एवढं संपवते आणि उठते.”

मी माइक परत चालू केला आणि शेजारी बसलेल्या सरांच्या कानाला लागले.

“सर, लोकांना दाद देऊ द्या. ताई उठायला निघाल्यात.”

“का? किती सुंदर शांतता आहे!”

“त्या शांततेनेच धीर खचलाय त्यांचा.”

“अहो, अल्बमचं काय? एकदा सोडलं की हे आवरणार नाहीत.”

“आधी गाणं तर पुरं होऊ दे!”

सर ‘नाही’ म्हणाले नाहीत, तेवढं मला पुरलं.

पुढ्यातच बबनआबा होते. देवळातल्या भजनाचं सगळं तेच बघतात. चुकून तोंड उघडू नये म्हणून त्यांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं होतं.

“आबा, कसं चाललंय गाणं?”

त्यांनी उपरणं सोडलं. “लय भारी, ताई. पर गप ऱ्हायचंय न्हवं?”

“आता नाही. मोकळे व्हा.”

“सर वरडतील.”

“त्यांचं मी बघते.”

आबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी नजर किल्ल्याकडे वळवली. तेवढ्यात सम आली.

“आऽहाऽ! वा गं माजी माय, वा!”

मग काय विचारता! सभामंडप उसळला. अंगणातून “व्हय, व्हय!” आलं. बांगड्या कोपरावरून खाली आल्या. तळेगावकर तर अडवून ठेवलेली सगळी दाद एकदम देऊन मोकळे झाले. मी श्रोत्यांच्या माइकचा आवाज ताईंच्या मॉनिटरमध्ये सोडला. हे सहसा कोणी करत नाही, कारण आवाज फिरून कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजू शकते. बोट मी बटणावरच ठेवलं. शिट्टी वाजली नाही. अंगणातला प्रत्येक ‘वा’ ताईंपर्यंत पोचला.

त्यांनी डोळे उघडले. तबलजीकडे बघून हसल्या. आणि वरचा ‘सा’ असा लावला, असा लावला, की मी हेडफोन काढून टाकले आणि चक्क टाळी वाजवली. इंजिनियरने असं करायचं नसतं. पण शेजारी सरही वाजवत होते.

ताई उठल्याच नाहीत. पंगत खोळंबली, आमटी दोनदा गरम करावी लागली, आणि कोणाची तक्रार नव्हती.

पुढच्या आठवड्यात तळेगावला ताई, सर आणि मी रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. सरांनी मला हळूच विचारलं, “आबांचा आवाज तेवढा काढता येईल?”

मी म्हटलं, “प्रयत्न करते.”

ताईंनी ऐकलं. “त्यांचा काढलात तर माझाही काढा. तो ‘सा’ त्यांचा आहे.”

अल्बम आबांसकट निघाला. धडा म्हणाल तर एवढाच: खोकला काय आणि ‘वा’ काय, माझ्या मशीनवर दोन्हींनी काटा सारखाच हलतो. म्हणून तर तिथे माणूस बसवतात.