कोरं बोट

यादीत नाव सापडताच आईने डाव्या हाताचं बोट पुढे केलं.

इंग्लंडमधल्या आमच्या गावात, चर्चच्या हॉलमध्ये मतदान होतं. आई माझ्याकडे कायमची राहायला आली, त्यानंतरचं हे तिचं पहिलंच मत. भारतासारख्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथे मत देता येतं, हे सांगूनही "परक्या बाईला कोण आत घेतंय!" म्हणत ती सकाळपासून धास्तावली होती. टेबलापलीकडे यादी तपासणाऱ्या आजीबाई त्या बोटाकडे बघतच राहिल्या. आमच्याकडे मत देताना शाई लावतात, असं मी सांगितल्यावर त्यांनी हसून ते बोट हातात घेतलं.

"इथे शाई नाही. पण या मतासाठी माझी पणजी खिडक्या फोडून तुरुंगात गेली होती. जेवण सोडलं, तर नाकात नळी घालून भरवायचे."

मी आईला मराठीत सांगितलं. आपल्या माणसांना तुरुंगात टाकणारं सरकार आम्हाला शाळेपासून ठाऊक. त्याने स्वतःच्या लेकींनाही सोडलं नव्हतं, हे मात्र माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आपल्याकडे सगळ्या बायकांना मत स्वातंत्र्याबरोबरच मिळालं. इथल्या बायकांना ते घरच्यांशीच भांडून घ्यावं लागलं.

आईचा चेहरा उतरला होता. "तुरुंगातून सुटली ना गं ती पुढे?"

मी विचारलं. आजीबाई म्हणाल्या, "सुटली तर! म्हातारी होईपर्यंत दर निवडणुकीला दार उघडायच्या आधी हजर असायची."

"हुश्श! जीव भांड्यात पडला बाई माझा," आई म्हणाली, जणू ही अटक कालच झाली होती. मग कोरं बोट पदराला पुसून तिने मतपत्रिका घेतली.