दोरीवरचे चिमटे

असंतोषाला आपण सरसकट दुर्गुणांच्या पंक्तीत बसवतो. लोभी माणसाचा असंतोष त्या पंक्तीत शोभतोही. परंतु असंतोषाची आणखी एक जात आहे. जे आहे ते यथार्थ दिसावे, त्याच्या कडा पुसट होऊ नयेत, एवढाच तिचा आग्रह असतो. अशा माणसाला ‘चालतंय की’ हे दोन शब्द खड्यासारखे टोचतात. त्याच्यापुढे घरच्यांची पुरेवाट होते हे खरे; तरी त्याला आठवताना मान आपोआप लवते. चष्मेवाले अशांपैकी होते.

पहिल्या मजल्यावरची त्यांची कार्यशाळा म्हणजे एक अरुंद खोली. खिडकीशी काच घासण्याचे चाक, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि सर्वत्र ओल्या भुकटीचा थंड वास. कोणी स्वस्तातली काच मागितली की ते मान वर न करता म्हणत, “डोळ्यांशी कंजुषी करायची असेल तर पुढचं दुकान बघा.” फ्रेमची काडी ते वाकवत, गिऱ्हाइकाच्या कानावर ठेवून पाहत, काढून पुन्हा वाकवत. गिऱ्हाईक कंटाळून जाई. चष्मा मात्र असा बसे की नाकाला त्याचा विसर पडावा.

चष्मेवाल्यांचे वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो सापडला, ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून भिंतीवर लावला. त्यातून एक अनोळखी, रागीट गृहस्थ घरादाराकडे पाहत राहिले. वडील किती हसरे होते हे सांगूनही नातवंडांना पटेना. आईचे असे होऊ द्यायचे नाही, हा निश्चय चष्मेवाल्यांनी त्या फोटोखाली उभे राहून केला. आईचे वय झाले होते. तिचे हसू एकदा तरी लख्ख टिपून ठेवायला हवे होते.

घोडे अडले ते आईपाशीच. कॅमेरा समोर आला की तिचा चेहरा लाकडासारखा होई. ती मनमोकळी हसे ती फक्त संध्याकाळी, शेजारणीबरोबर सज्ज्यात बसल्यावर. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती चष्मेवाल्यांच्या थोरल्या भावाकडे राहत असे आणि ते घर कार्यशाळेच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे होते. तेव्हा खिडकीतून, तिच्या नकळत, लांबूनच हे साधायला हवे, असे त्यांनी ठरवले.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने डिजिटल एसएलआरबरोबर लांब पल्ल्याची झूम लेन्स निम्म्या किमतीत गळ्यात मारली. “साहेब, चंद्रावरचे डाग मोजाल,” तो म्हणाला.

चंद्राचे राहू द्या, रस्त्यापलीकडची आई दिसेना. लेन्स पूर्ण लांबवली की चित्रावर वाफ धरल्यासारखे होई. पांढऱ्या केसांना जांभळी किनार येई. सज्ज्यातल्या सावलीत फोकस सापडेपर्यंत लेन्स घुरघुरत पुढे-मागे होत राही, आणि सापडे तोवर हसणे ओसरून गेलेले असे. बरे, तो स्थिरावे कुठे? आईच्या मागच्या कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर.

“अहो, चिमटे काय सुरेख आलेत!” बायको फोटो पाहून म्हणाली. “स्प्रिंगचा वेढान् वेढा दिसतोय. आणि पुढे धुकं बसलंय ते कोण? सासूबाई का?”

“लेन्स भिकार आहे,” ते चिडून म्हणाले.

“दुकानात लोकांना काय सांगता? डोळ्यांशी कंजुषी...”

“कळलं!”

कळले, तरी वळणार कसे? चांगल्या लेन्सची किंमत ऐकून ते काउंटरवरूनच मागे फिरले होते. मग जुन्या मालातली दुसरी स्वस्त झूम आणली. तिने वाफेच्या जागी धूसर मलमल पांघरली. चिमटे तेवढे पहिल्याहून ठळक आले.

तेव्हा त्यांनी, त्यांच्या हातूनच व्हावी अशी, एक चूक केली. उभा जन्म काचेत गेलेला. एका लेन्सने काय म्हणून नमवावे? त्यांनी ती उघडली. आतले एक भिंग केसभर सरकलेले दिसले. चष्म्याच्या काचेचा मध्य ते शाईच्या ठिपक्याने धरत, तसाच त्यांनी तो धरला आणि भिंग नेमके बसवले. परंतु चष्म्याची काच नाकावर स्थिर राहते. झूमची भिंगे आतल्या आत चालतात. एकाला सरळ केले, तर तिरपेपणा दुसऱ्याकडे गेला. जवळचे चित्र लख्ख झाले, दूरचे दुहेरी; आणि पल्ला वाढवणारे कडे अर्ध्यावरच अडकले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

आता जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. संध्याकाळी ते रस्ता ओलांडून सज्ज्यात गेले.

“आज इकडची वाट कशी सापडली?” आईने विचारले.

“तुझा फोटो काढायचाय.”

“तो तर रोज तिकडून काढतोस की!”

चष्मेवाले थबकले. “तुला काय माहीत?”

“अरे, दिसतं ना! चष्मा तूच करून दिलास. तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं मला. तू खिडकीत आलास की ही मला कोपर मारते, आणि मी अजून थोडी हसते. म्हटलं, पोराला एकदाचं मिळू दे!”

शेजारीण पदर तोंडाला लावून हसू लागली.

“मग घरात कॅमेरा धरला की तोंड का फुगवतेस?”

“जवळ आलास की तू मला बघतोस कुठे? चष्मा बघतोस. काडी वाकडी झाली, नाकावरून घसरला... छातीत धडधडतं बाबा, परीक्षेला बसवल्यासारखं.”

एवढे बोलून ती मान मागे टाकून हसली. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बिघडलेल्या लेन्सने जवळचे सारे स्वच्छ दाखवले: सुरकुत्या, ओले डोळे, ते हसू. आणि डाव्या बाजूने फ्रेम किंचित उतरलेली.

“थांब, हलू नकोस.” हात आपसूक पुढे झाला.

फ्रेम सरळ झाली. पुन्हा पाहिले, तेव्हा समोर ओळखपत्रावरचा चेहरा होता.

“झालं!” शेजारीण म्हणाली.

“काढ आता,” आई ओठ मिटून म्हणाली.

त्यांनी बटण दाबलेच नाही. “उद्या बघू,” असे स्वतःवरच खेकसून ते जिना उतरले. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ते गेले. दर वेळी हसू यायच्या क्षणी हात फ्रेमकडे जाई. तो हात त्यांना शेवटपर्यंत आवरता आला नाही.

पुढच्या थंडीत तापाचे निमित्त झाले आणि आईच्या आधी तेच गेले.

त्यांच्यामागे दोन निकामी लेन्स उरल्या, आणि खोकेभर फोटो, ज्यांत दोरीवरचे चिमटे लख्ख आहेत. आईचा हसरा, स्पष्ट फोटो एकही नाही. आई आहे. तोच चष्मा लावून ती सज्ज्यात बसते, आणि समोरची बंद खिडकी तिला स्वच्छ दिसते.