इंदुरीचं घर लोणावळ्याला आलं

मी सांगायला लागलो की माझी नातवंडं म्हणतात, आबा, थापा मारू नका. पण कोंडाजीचं घर इंदुरीहून लोणावळ्याला येताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलंय म्हणजे काय, त्या घराच्या आढ्यावर बसून मीसुद्धा आलोय. आढं तेव्हा बैलगाडीत होतं, ही गोष्ट वेगळी.

घाटात विजेची इंजिनं यायची होती तेव्हाची ही हकीगत. कोंडाजी आणि मी लोणावळ्याच्या इंजिनशेडात कामाला. काम एकच, इंजिनाच्या पोटातली राख ओढून काढायची. कोंडाजी बुटका, रुंद, आणि मिशी कायम राखेनं माखलेली. ती मुळात काळी आहे हे त्याच्या बायकोला, शालूबाईला, लग्नानंतर दिवाळीच्या आंघोळीला कळलं, असं आम्ही म्हणायचो. त्यावर तो हसायचा आणि आम्हाला घरी बोलवायचा.

हीच त्याची खोड. माणूस दिसला रे दिसला की कोंडाजी म्हणणार, "या की घरी!" ड्रायव्हरला म्हणायचा, भाजीवाल्याला म्हणायचा. एकदा शेड बघायला आलेल्या गोऱ्या साहेबालाही म्हणाला. साहेबाला कळलं नाही म्हणून बरं, नाहीतर तोही गेला असता. बाकीचे जायचेच. आणि घर म्हणजे काय, तर रेल्वेच्या चाळीतली एक खोली. चूल पेटवली की माणसानं बाहेर यायचं आणि माणसं आत आली की चूल विझवायची. एका रविवारी इतके पाहुणे आले, की पाहुणे आत जेवले आणि घरधनी बाहेर पायरीवर, मांडीवर ताट घेऊन.

त्या दिवशी शालूबाईनं निकाल दिला. "एक तर घर घ्या, न्हाईतर 'या' म्हनायचं सोडा."

दुसरं कोंडाजीला जमणार नव्हतं. म्हणून तो पहिल्याच्या मागं लागला.

आता लोणावळ्यात घर घेणं म्हणजे चेष्टा नव्हे. चांगल्या जागांवर मुंबईच्या शेठलोकांचे बंगले. पण किराणा दुकानवाल्या हौशीराम शेटची एक चिंचोळी पट्टी होती, पुढं रस्ता, मागं ओढा. बाजाराच्या टोकाला, अडचणीची, म्हणून कोंडाजीच्या आवाक्यातली. सौदा झाला, कोंडाजीनं बयाणा दिला. आठच दिवसांत एका बंगलेवाल्याला घोडागाडी ठेवायला तीच पट्टी हवीशी वाटली. हौशीराम शेट पेचात पडला. माणूस वाईट नव्हता, व्यापारी होता.

"कोंडाजी, मी शब्द फिरवत नाही," तो म्हणाला. "आखितीच्या दिवशी दुपारी मी येतो. जागेवर घर उभं दिसलं तर जागा तुझी. नुसतीच दगडमाती दिसली तर बयाणा परत घे आणि मला मोकळं कर."

आखिती म्हणजे अक्षय्यतृतीया महिन्यावर आलेली. महिन्यात नवं घर कोण उभं करतो? पण आमच्या मावळात गरीब माणूस नवं लाकूड कापतच नाही. कुठल्यातरी गावात रिकामं पडलेलं घर बघायचं, त्याचं लाकूड आणि कौलं विकत घ्यायची, घर उकलायचं, गाडीत घालायचं आणि आपल्या जागेवर पुन्हा जोडायचं. इंदुरीच्या झुंबरबाईचं घर असंच रिकामं होतं. म्हातारी एकटी उरली होती आणि मळवलीला लेकीकडं राहायला गेली होती. घर जुनं, पण लाकूड सागाचं. दुभत्या म्हशीच्या भावात द्यायला ती तयार झाली.

"पन माज्या खांबाची ढलपी चुलीत गेली तर बघ," तिनं दम भरला.

"अवो मावशी, जसंच्या तसं उभं करतो. तुमी बघायला या की घरी!" कोंडाजी म्हणाला.

शालूबाईनं कपाळावर हात मारला.

घर उकलायला वाहिद मिस्त्री होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हात असा, की वाकड्या फांदीला सरळ वागायला लावील. प्रत्येक लाकूड उतरवलं की तो त्यावर गेरूनं आपली खूण काढायचा. कुठं दोन रेघा, कुठं फुली, कुठं कोंबडीच्या पायासारखं काहीतरी. जुन्या घरात प्रत्येक खांबाचं कुसू, म्हणजे टोकाचा खुंटा, त्याच्याच तुळईच्या भोकात बसतं, शेजारचं चालत नाही. त्या खुणा म्हणजेच घर, एवढं समजा.

मग गाड्या निघाल्या. वडगाव आलं, कामशेत आलं, जागोजाग लोक विचारायचे, "कुटं निघालात, पाव्हणं?"

"घरी!" कोंडाजी ओरडायचा.

"घर कुटंय?"

"ह्ये काय, मागच्या गाडीत!"

कार्ल्याजवळ एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन् बिऱ्हाड?" कोंडाजी म्हणाला, "ते पुढं गेलंय, घराची वाट बघतंय." म्हातारा बराच वेळ रस्त्यात उभा होता.

लाकडं पट्टीवर उतरली. कोंडाजी, मी आणि वाहिद पाया भरायचे दगड आणायला गेलो. परत आलो तर शालूबाई आणि तिच्या चाळीतल्या सख्या ओढ्यात उतरलेल्या. पदर खोचलेले, हातात काथ्या आणि राख, आणि सगळी लाकडं काठावर ओळीनं वाळत घातलेली, आंघोळ घातलेल्या पोरांसारखी. परक्या घराचं लाकूड आपल्या घरात घेण्याआधी त्याची इडापिडा धुऊन काढायची, ही बायकांची रीत. ती त्यांनी इतकी मन लावून पाळली होती, की गेरूचा ठिपकासुद्धा कुठं उरला नव्हता.

वाहिद मिस्त्री मटकन खाली बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमी इडापिडा धुतली का माजी अक्कल?"

"लय तांबडं तांबडं लागलं व्हतं वो," शालूबाई म्हणाली. "मला वाटलं कुनी करनी केलीया."

"केलीया न्हवं, आता झाली!"

पुढचे दिवस आम्ही कसे काढले, विचारू नका. हा खांब त्या तुळईला लाव, बसत नाही. तो लाव, बसतो, पण डुगडुगतो. एकदा तर अर्धा सांगाडा उभा राहिला, आम्ही लांब जाऊन कौतुकानं बघतोय, तर तो हळूच ओढ्याकडं झुकला आणि बसला. हौशीराम शेट रोज दुकानात जाताना थांबायचा. पानाची पिंक टाकायचा आणि पुढं जायचा. बंगलेवाल्याचा माणूसही येऊन पावलं टाकून जागा मोजून गेला. कोंडाजी आठ दिवसांत कुणाला "या घरी" म्हणाला नाही, यावरून त्याची दशा ओळखा.

आखिती दोन दिवसांवर आली तेव्हा शालूबाईच म्हणाली, "जिचं घर तिलाच इचारा की."

मी गाडीनं मळवलीला गेलो आणि झुंबरबाईला घेऊन आलो. म्हातारी आली, लाकडांचा ढीग पाहिला, आणि आम्हा सगळ्यांना अशा काही शिव्या दिल्या, की वाहिदनं कानात बोटं घातली. मग काठी ठेवली आणि एकेका लाकडावरून हात फिरवायला लागली.

"ही माजी ताकमेढ, हिला रवी बांधायची मी. दोरीनं घासल्याला खाचा बघ. ही सैपाकघरात. ह्या तुळईला पाळन्याच्या कड्या, ही माजघरात. आन् ह्यो..." ती एका खांबापाशी थांबली. खांबावर एक तेलकट काळा डाग होता, शालूबाईच्या काथ्यालाही न गेलेला. "हितं आमचं धनी जेवल्यावर डोकं टेकायचं. तेल म्हंजी काय थापायचं डोक्याला! ह्यो पुढच्या सोप्यातला."

"मावशी, पुढं म्हंजी कुनीकडं?" वाहिदनं विचारलं.

"नदीकडं! माजं दार नदीकडं," असं म्हणून म्हातारीनं ओढ्याकडं हात केला.

ती सांगत गेली, वाहिद ठोकत गेला. तिच्या हाताखाली प्रत्येक कुसू आपल्या भोकात असं जात होतं, जसं माहेरी आलेली पोर स्वयंपाकघरात शिरते. आखितीच्या सकाळी आढं चढलं. मग वाहिद दाराची चौकट बसवायला गेला आणि तिथंच थबकला.

"कोंडाजीभाऊ," तो हळू म्हणाला, "चौकटीची खाच वढ्याकडं हाय. रस्त्याला पाठ आली."

खरंच की! नुसत्या खांबांना तोंड काय आणि पाठ काय! चौकट येईपर्यंत आम्हा शहाण्यांच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कोंडाजीनं सूर्याकडं पाहिलं. पुन्हा उकलायला वेळ कुठं होता?

"ठोक," तो म्हणाला. "दार हाय तितं ठोक."

रस्त्याच्या बाजूला आम्ही कुडाचे तट्टे बांधले, वर कौलं चढवली. दुपारी हौशीराम शेट आला. रस्त्यावर उभा राहून त्यानं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"अरे, हे घर रुसलंय का? पाठ का फिरवलीय? याला दार कुठंय?"

"मागं हाय, शेट."

"हे काय घर झालं?"

इतक्यात आतून झुंबरबाईचा आवाज आला, "कोन हाय रं भाईर? आखितीचा दिस हाय, उपाशी मानूस दारातनं जाऊ नये. वळसा घालून या!"

शेटला ओढ्याच्या काठानं, धोतर वर धरून, चिखलातून जावं लागलं. म्हातारी उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी. पाय धुवायला लावले, आत घेतला, तेलाच्या डागाच्या खांबापाशी बसवला. शालूबाईनं नव्या चुलीवर पुरणपोळी टाकली होती. शेट नको नको म्हणत तीन पोळ्या जेवला, आणि जेवून झाल्यावर नकळत खांबाला डोकं टेकलं.

"काय शेट," झुंबरबाई म्हणाली, "ज्या घराच्या खांबाला टेकलास, ते उभं हाय का न्हाई?"

हौशीराम शेटनं चटकन डोकं उचललं. खांबाकडं पाहिलं, वर आढ्याकडं पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला, "घोडागाडीवाल्याला सांगतो, दुसरीकडं बघ म्हणून."

कोंडाजी ताडकन उठला. आम्हाला वाटलं, शेटच्या पाया पडतोय. तो दारातून बाहेर पडला, धावत वळसा घालून रस्त्यावर गेला आणि जो दिसेल त्याला हाका मारू लागला, "या की घरी! मागल्या बाजूनं या!"