भिंतीजवळचे नाना

“भीतजोडे बठ्ठी गंमत शे,” सगळी मजा भिंतीजवळच, असं अहिराणीत म्हणत नाना लग्नाच्या पंगतीत हमखास भिंतीलगतचं पान धरायचे. मधल्या रांगेत वाढपी नुसते पळतात, वरण-बट्टी आणि गप्पा कडेलाच रेंगाळतात, हे त्यांचं निरीक्षण. तुम्हीही बघा कधी, खोटं नाही.

धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकवायचे, मी ग्रंथपाल. त्यांच्या प्रयोगाला लांबलचक सरळ नळी हवी होती आणि प्रयोगशाळा पडली तोकडी. मग भिंतीला भोक पाडून नळी थेट माझ्या वाचनालयात, माझ्या डोक्यावरून. मी भडकलेच.

“नाना, वळवा ना तिला कुठेतरी.”

“वळवली की हवा बिथरते, ताई.”

आता बोला.

नळीत पंख्याने हवा सोडायची आणि केसाहून बारीक तापल्या तारेने तिची खळबळ मोजायची. वेग मधोमध जास्त, पण खळबळ सगळ्यात जास्त भिंतीला अगदी खेटून. हवेचा जोर वाढवला तरी भिंतीशी होणाऱ्या घर्षणाच्या पटीत मोजली की ही खळबळ तेवढीच भरते, असं माझ्या कपाटातलं पुस्तक सांगायचं. नानांना वाटायचं, किंचित वाढते. पण ते दाखवायला मोठा पंखा हवा होता. तेवढ्यात फर्मान आलं, प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटर रूम करायची आहे, सुट्टी लागली की नळी काढा.

पुढच्या लग्नात नाना पंगतीत मधेच कुठेतरी बसले. ते मला बघवेना.

माझे भाऊजी नरडाण्याच्या एका कारखान्यात होते. तिथला भंगारात निघालेला मोठा पंखा मीच मागून आणवला. तो सुरू झाला तशी माझी कपाटं थरथरली, वाचणाऱ्या पोरांनी पुस्तकं मिटली. मीही कोणाला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने नाना दारात आले.

“वाढली?” मी विचारलं.

“जराशी. पण वाढली.” मग माझ्या कपाटाकडे बघत म्हणाले, “पुस्तक खोटं नाही, ताई. थोडं घाईत लिहिलंय.”

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जिलबी खाऊ घातली.

नळी गेली. नाना निवृत्त होऊन एरंडोलला गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. परवा गवंडी ते भोक बुजवायला आला, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पलीकडे कॉम्प्युटर रूममधल्या पोरांची कुजबुज त्यातून ऐकू येते. माझी खुर्ची मी आता त्या भिंतीलाच लावून घेतली आहे.